शमूमिस्त्रीची चोरी कोणी मानेना

मी बायबल-बाई होते. नोकरीचं हे नाव ऐकलं की माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. हातातली विडी विझवतात, नाहीतर पिऊन आलेल्या जावयाला माझ्यापुढे आणून उभं करतात. माझी नेमणूक दोन्हींसाठी नव्हती. म्हणून आधी काम सांगते.

आमच्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळ्या बऱ्याच गावांत आहेत. मंडळी म्हणजे त्या गावातले सगळे ख्रिस्ती लोक आणि त्यांचं चर्च. पाळक एक आणि गावं पाच-सहा, अशी वाटणी असते. पाळक येतो, उपासना चालवतो, उपदेश करतो आणि पुढच्या गावाची एस.टी. पकडतो. तो उपदेश ऐकून लोकांचं जे काही होतं, ते आठवडाभर बायबल-बाईनं निस्तरायचं. बाळंतिणीची भेट, आजाऱ्याजवळ वाचन आणि प्रार्थना, बायकांचा अक्षरवर्ग, पोरांना गीतं शिकवणं, मयताच्या घरी पहिला चहा. दर सोमवारी मी आठवड्याची यादी करून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत असे. कुठं जायचं, कशासाठी, किती वेळ. ‘सारजाबाई – रडणं, अर्धा तास’ असंही त्यात असे. शेजारणी वाचून हसत. पण रडण्याला वेळ ठेवला नाही, तर पुढच्या तीन घरी उशीर होतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नेमणुकीच्या वेळी कोणी न सांगितलेलं एक काम मात्र सगळ्यांत मोठं निघालं. दर दोन-तीन महिन्यांनी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. प्रभूच्या आठवणीसाठी भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. या गावात त्यासाठी मेजापुढे सतरंजीवर पंगतीनं बसायची रीत होती. नियम असा की, मनात वैर ठेवून त्या पंगतीला बसायचं नाही. आधी भावाशी, जावेशी, शेजाऱ्याशी समेट करायचा आणि मग यायचं. त्यासाठी आदल्या शनिवारी संध्याकाळी तयारीची सभा होई. ज्याचं जे असेल ते त्यानं तिथं बोलून मिटवायचं. पंगतीत एखादी जागा रिकामी राहिली की सगळी मंडळी मान वळवून ती कोणाची ते बघे. त्यामुळे शुक्रवारपासून माझ्या दारात गर्दी.

भांडणं तीन प्रकारची असत. बांधाची, मानपानाची आणि कोंबड्यांची. बांधाची तलाठी मिटवतो, मानपानाची घरातलं पुढचं लग्न मिटवतं. कोंबड्यांची मात्र जन्मभर चालतात, कारण कोंबडी रोज नव्यानं शेजारी जाते.

आणि माफीचं म्हणाल, तर मागणाऱ्यांपेक्षा करणारेच जास्त धोक्याचे. एकदा हौसाबाईनं भर नळावर आपल्या जावेला सांगितलं, “जा, मी तुला माफ केलं.”

जाऊ म्हणाली, “मी काय केलंय गं?”

“तेच माफ केलं.”

दोन हंडे चेपले आणि एक कळशी फुटली. आणखी दोन सख्खे भाऊ माझ्यासमोर गळ्यात गळा घालून रडले आणि तरीही एकमेकांशी बोलेनात. मी विचारलं, तर थोरला वैतागून म्हणाला, “माफ केलं की बाई! आता बोलायला कशाला लावता?”

पण सांगायचंय ते शमूमिस्त्रीबद्दल. गाव नेवाशाच्या बाजूचं. नाव देत नाही, तिथं माझं अजून जाणंयेणं आहे. गावात नुकते टीव्ही आले होते आणि रविवार सकाळच्या मालिकेसाठी उपासना तासभर पुढे ढकलावी लागली होती, तेव्हाची ही गोष्ट.

आम्हाला नवे पाळक आले होते. तरुण, मेहनती, आवाज चांगला. ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात त्यांनी शास्त्रातल्या त्या ठेंगण्या जकातदारावर उपदेश केला, जो प्रभूला बघायला झाडावर चढला होता. पाळकसाहेब म्हणाले, “पश्चात्ताप म्हणजे डोळ्यांतलं पाणी नव्हे. पाणी वाळतं. ज्याचं घेतलंत, त्याला परत द्या. त्या जकातदारानं तर चौपट दिलं!”

उपदेश फार चांगला झाला. इतका चांगला उपदेश करण्याआधी बायबल-बाईला विचारावं.

मंगळवारपासून चर्चच्या ओट्यावर वस्तू यायला लागल्या. एक बादली. तीन पळ्या. सायकलचा पंप. ग्रामपंचायतीचं घमेलं. शाळेची पितळी घंटा. कुठल्या शाळेची ते अखेरपर्यंत कळलं नाही. मी माझ्या पद्धतीप्रमाणे वर्गवारी केली: मालक सापडलेल्या, मालक न सापडलेल्या आणि मालक जास्त झालेल्या. बादलीला तीन मालक निघाले. एका बाईनं शेजारणीची चाळणी लांबवली होती, तिनं चार नव्या चाळण्या आणून दिल्या. शेजारीण मला म्हणाली, “बाई, हिला म्हनावं माझी जुनी दे. ह्या चारींची भोकं मोठी हायेत.”

तयारीच्या सभेच्या शनिवारी सकाळी मी अंगण झाडत होते. शमूमिस्त्री चार बोकड घेऊन फाटकात उभा राहिला.

शमू म्हणजे शमुवेल, गावातला गवंडी. चर्चची भिंत त्यानंच बांधलेली. रविवारी दानाची थाळीही तोच फिरवी. घर बांधून झालं की उरलेले खिळे मालकाला परत देणारा माणूस.

“बाई, हे तुमच्या अंगनात बांधायचेत.”

“कशाला?”

“चौपट हायेत.”

मग त्यानं फाटकाला टेकून सगळं सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी दगडूबापूंचा बोकड नाहीसा झाला होता. दगडूबापू म्हणजे मंडळीचे मुख्य पंच. सत्तरीचे, पण आवाज मळ्यातून गावात ऐकू येईल असा. कापणीच्या सणाला आमच्याकडे जो तो घरचं काहीतरी चर्चमध्ये आणतो. भोपळा, अंडी, कोंबडा. मग त्याचा लिलाव होतो. त्या लिलावासाठी बापूंनी एक बोकड वर्षभर पोसला होता.

शमू म्हणाला, “रोज त्याला घेऊन माझ्या दारावरून जायचे बाई. म्हनायचे, ‘बघ शमू, देवाला असं द्यावं. तुझ्यावानी दुधी भोपळा न्हाई.’ वरीसभर ऐकलं. एक दिवस बोकड एकलाच दिसला. म्हनलं, याला जरा लांब सोडून यावं, बापूची जिरंल. चालत चालत घोडेगावचा बाजार आला. एकानं इचारलं, केवढ्याला? अन् बाई, माझ्या जिभेनं सांगितलं. मी न्हाई.”

“आणि पैसे?”

“हाताला पोळायला लागले. रविवारी समदे थाळीत टाकले. थाळी माझ्याच हातात हुती.”

मी त्याला चहा केला. दोन बोकड घरचे होते, एक सासुरवाडीहून मागून आणलेला आणि एक त्याच घोडेगावच्या बाजारातून विकत घेतलेला. माणूस हलका झालेला दिसत होता. मलाही वाटलं, हे प्रकरण संध्याकाळी पाच मिनिटांत मिटेल. शमू चूक कबूल करेल, बापू मोठ्या मनानं माफ करतील आणि त्या मोठ्या मनाबद्दल वर्षभर बोलत राहतील.

संध्याकाळी सभा भरली. शमू उठला आणि हात जोडून म्हणाला, “बापू, तुमचा बोकड मी चोरला हुता. मला माफ करा.”

बापू म्हणाले, “बस खाली.”

“चोरला बापू.”

“न्हाई चोरलास. उन्हात काम करून डोकं तापलंय तुझं. बस.”

“डाव्या कानाला खुणेची कातर हुती. शेपटीला पांढरं हुतं.”

“समद्याच बोकडांना शेपटी असती.”

लोक हसले. शमू गोंधळला. त्यानं आपल्या बायकोकडे, रूथबाईकडे पाहिलं. ती उठून मंडळीला म्हणाली, “ह्यांच्यावर इश्वास ठिवू नका. हे घरातला गूळ बी मला इचारून खातेत. ह्यांना चोरी जमायची न्हाई.”

“तू गप!” शमू ओरडला. “मला काय जमतं ते तुला काय ठावं!”

मंडळीचे सेक्रेटरी गुरुजी होते. प्रत्येक गोष्ट रीतसर व्हावी असा त्यांचा आग्रह. त्यांनी विचारलं, “साक्षीदार आहे का?”

“चोरीला साक्षीदार नेत्यात व्हय गुरुजी?”

“मग पैशांचं काय केलंस?”

शमूनं थाळीचं सांगितलं. त्यासरशी बापूंनी मांडीवर थाप मारली. “घ्या! बोकड देवासाठी हुता. देवाला पोचला. मग चोरी झाली कुठं? शमूनं तर हमाली केली!”

पाळकसाहेब मध्ये पडायला बघत होते, पण त्यांना वाक्य सुचेना. पाप लपवणाऱ्याशी कसं बोलावं, हे त्यांना शिकवलेलं होतं. माणूस पाप घेऊन दारोदार हिंडतोय आणि कोणी घेत नाही, तेव्हा काय करायचं, हे शिकवलेलं नव्हतं. तेवढ्यात गुरुजींनी ठराव मांडला: शमुवेल यांनी बोकड चोरला नाही. हात वर झाले. ठराव मंजूर. विरोधात एकच हात, शमूचा.

“बहुमत आहे शमू,” गुरुजी समजुतीच्या स्वरात म्हणाले.

शमूनं दानाची थाळी मेजावर ठेवली. “मंग मी उद्या पंगतीला बसनार न्हाई. ज्यानं चोरी केली त्यो मी. तुमी ज्याला बसवताय त्यो कोन हाय, मला ठावं न्हाई.”

पाळकसाहेबांनी प्रभुभोजन एक आठवडा पुढे ढकललं.

बोकड माझ्याकडेच राहिले. बापू घेईनात आणि शमू परत नेईना. “पाप घरी कसं नेऊ बाई?” असं म्हणे. त्या आठवड्यात बोकडांनी माझं मेंदीचं कुंपण खाल्लं, खिळ्यावरची यादी खाल्ली आणि प्रभुभोजनाच्या मेजावरचं धुऊन वाळत घातलेलं कापड लेससकट खाल्लं. आयुष्यातला तेवढा एक आठवडा मी यादीशिवाय काढला. पाळकसाहेब दुसऱ्या गावाहून मुद्दाम आले आणि कुंपणाची दशा बघून म्हणाले, “मी चौपट म्हणायला नको होतं का?”

मी म्हटलं, “साहेब, दुप्पट म्हटलं असतं तरी दोन आलेच असते.”

गावात दोन पक्ष पडले. शमूनं चोरला म्हणणारे आणि नाही म्हणणारे. शमूची अवस्था वाईट. कामावर पोरं चिडवत, “मिस्त्री, आज काय न्हाई चोरलं?” तो मला म्हणाला, “बाई, इतकी वर्सं ते पाप एकट्यानं वाहिलं. आता उतरवायला गेलो तर माझंच पाप माझ्या तोंडावर खोटं पाडत्यात.”

बुधवारी दुपारी सोनाबाई बाभळीच्या शेंगा घेऊन बोकडांना घालायला आली. सोनाबाई ही बापूंची धाकटी बहीण. विधवा, गावाच्या कडेला एकटी राहायची, अंडी विकायची. उपासनेला दर रविवारी यायची, सगळ्यांत मागे बसायची. प्रभुभोजनाच्या वेळी मात्र कधी पुढे यायची नाही. मी या गावात आले तेव्हापासून हे बघत होते. दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तिनं मला अंडी दिली होती आणि उत्तर दिलं नव्हतं.

त्या दिवशी बोकडांच्या तोंडात शेंगा देत ती आपणहून बोलली.

“त्यो बोकड गेला तेव्हा आमचे मालक त्याला चारायला न्यायचे. दादाच्या मळ्यातच कामाला हुते. दादा म्हनला, यशवंतानंच इकला. पुरावा न्हाई, काय न्हाई. मंडळीनं त्यांना शिस्तीखाली घातलं.”

शिस्त म्हणजे काय ते सांगते. कबुली देऊन पश्चात्ताप करेपर्यंत त्या माणसानं प्रभुभोजनाला बसायचं नाही.

“लोक म्हनले, यशवंता, कबूल कर अन् मोकळा हो. एक शब्द तर बोलायचाय. हे म्हनले, खोटं बोलून देवाच्या पंगतीला बसू व्हय? मंग बसलेच न्हाईत. पंगतीच्या रविवारी बाहेर लिंबाखाली बसायचे, खिडकीच्या खाली. आतली गीतं म्हनायचे. मरूस्तवर.”

“आणि तुम्ही?”

“त्यांना बाहेर ठिवून मी आत जेवू?”

आता मला तो ठराव कळला. बापू काय आणि मंडळी काय, ज्यांनी यशवंताला बाहेर बसवायला हात वर केले होते, त्यांनीच शमूला निर्दोष ठरवायला हात वर केले होते. शमू चोर ठरला, तर यशवंत काय होता, हे सगळ्यांनाच सांगावं लागणार होतं.

मी विचारलं, “सोनाबाई, तुम्हाला काय पाहिजे? बोकडांवर खरा हक्क तुमचा.”

“बोकड नको. दादानं चारचौघांत एकदा म्हनावं, यशवंतानं चोरला न्हवता. बस.”

“शमूचा राग येत नाही?”

“येतो की! लई येतो. मालक बाहेर बसले तेव्हा त्यो आत गप बसला. पर आता निदान बोकडं घेऊन हिंडतोय.”

दुसऱ्या दिवशी मी बापूंकडे गेले. ते गोठ्यात गव्हाणीच्या कठड्यावर बसले होते. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही. सरळ म्हटलं, “बापू, शमूनंच चोरलाय.”

“ठावं हाय मला. पयल्या शब्दालाच पटलं. कानाची कातर मीच केलती.”

“मग?”

बापूंचा आवाज पहिल्यांदाच एवढा खाली आलेला ऐकला. “शमूला माफ कराया मी हाय बाई. त्याचं काय, घटकाभराचं काम. पर शमू चोर म्हनलं की यशवंता चोर न्हाई. अन् यशवंता चोर न्हाई म्हनलं की मी कोन? मला माफ कराया कोन हाय? त्यो तर मातीत गेला.”

समेटाच्या कामात माझी रीत ठरलेली. एकाला इकडून आणायचं, दुसऱ्याला तिकडून, आणि मध्ये चहा. इथं दुसरा माणूस चर्चमागच्या कबरस्तानात होता. त्याला कुठून आणणार?

तरी म्हटलं, “सोनाबाई आहे.”

“तिच्याकडं कुठल्या तोंडानं जाऊ?”

“ह्याच. दुसरं मिळायचं नाही.”

बापू उठले. आवाज मूळ जागी आला. “चहा घ्या अन् निघा.” मी चहा घेतला नाही आणि निघाले. शनिवारच्या सभेला बापू आले नाहीत. शमू आला, पुन्हा उठून म्हणाला, “मी चोरला,” आणि कोणी काहीच बोललं नाही म्हणून खाली बसला.

रविवारी मेजावर लेसच्या कापडाऐवजी माझी घरची चादर होती. मंडळी भरली. शमू थाळीशिवाय मागे बसला होता, आणि हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. पुढच्या रांगेतली बापूंची जागा रिकामी. पाळकसाहेबांनी भाकर हातात घेतली आणि तेवढ्यात खिडकीशी बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “अगं बया, बापू बाहेर बसलेत!”

उपासनेत असं उठू नये, पण सगळे उठले. बापू स्वच्छ धोतर-कोट घालून लिंबाखाली, खिडकीच्या बरोबर खाली, भिंतीकडे तोंड करून बसले होते. पाळकसाहेब भाकर धरून तसेच उभे.

सोनाबाई मागून उठली आणि बाहेर गेली. खिडकीला काच नव्हती, त्यामुळे पुढचं सगळं आत ऐकू आलं.

“ऊठ दादा.”

“बसू दे सोने. माझी जागा हीच हाय.”

“ही जागा माझ्या मालकाची हाय. चोरी न करता बसला त्यो इथं. तुला कुनी दिली?”

“मंग मी कुठं बसू?”

“मला काय इचारतोस? आख्खं गाव पडलंय. ही सोडून कुठंबी बस.”

बापू उठले. चार पावलं गेले. तिथं ऊन होतं. पुन्हा सावलीकडे आले, तर सोनाबाई बघतच होती, म्हणून पुन्हा उन्हात गेले. मंडळीचे मुख्य पंच चर्चच्या अंगणात उभे होते आणि त्यांना बसायला जागा सापडत नव्हती. आत कोणीतरी हसलं.

मग बापूंनी तोंड उघडलं. मळ्यातून गावात ऐकू येणारा तो आवाज. “यशवंतानं चोरला न्हवता!”

चर्चशेजारच्या माझ्या अंगणातून एका बोकडानं उत्तर दिलं. आत शमू ताडकन उभा राहिला आणि खिडकीतून ओरडला, “मंग कुनी चोरला बापू?”

“तू चोरलास, मुडद्या!”

शमू मंडळीकडे वळला. दहावी पास झालेल्या पोराचा चेहरा असतो ना, तसा चेहरा. “ऐकलं का गुरुजी? ऐकलं का समद्यांनी?” आणि रूथबाई पदर तोंडावर धरून म्हणाली, “अगं बाई! खरंच चोरला व्हय?” आणि रडायला लागली. ते किती वेळ चालेल, याचा अंदाज मला करता आला नाही.

बाहेर बापू हळू बोलायला गेले, पण त्यांना हळू बोलण्याची सवय नव्हती. “सोने, तू मला माफ केलंस का?”

“ते मला अजून ठावं न्हाई.”

“मंग?”

“आत चल. घरातलं एक मानूस बाहेर ठिवून मी आत बसले न्हाई इतकी वर्सं. आता तू बाहेर बसलास, तर मला पुन्ना बसता यायचं न्हाई. माझी पंगत तुमी लोकं किती डाव बुडवनार?”

ती पुढे आणि बापू मागे, असे दोघं आत आले.

बोकडांचा निकाल विचाराल, तर बापूंनी एकच घेतला. “एक गेला, एक आला. त्यो जकातदार सरकारी मानूस हुता, त्याला चार परवडत हुते.” शमू म्हणे, शास्त्रात चार म्हणजे चार. दोघांचं इतकं वाजलं की पुढच्या तयारीच्या सभेत सगळ्यांत आधी त्यांचाच समेट करावा लागला. उरलेले तीन कापणीच्या सणाला यशवंताच्या नावानं लिलावात गेले. गुरुजींचा तो ठराव मात्र रद्द करायचं राहून गेलं. रीतसर बघितलं तर शमू आजही निर्दोष आहे, आणि ते त्याला अजून लागतं. मला भेटला की विचारतो, “बाई, त्याचं काय झालं?”

पण हे नंतरचं. त्या रविवारी पंगत बसली. बापूंच्या शेजारी सोनाबाई, पलीकडे शमू. पाळकसाहेब एकेकाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवत गेले. या भाकरीचा नियम असा की, ती तिथंच खायची. चुरासुद्धा बाहेर न्यायचा नाही. त्यावर लक्ष ठेवणं माझं काम होतं, आणि मी ते कडक ठेवत असे. एकदा एका आजीच्या मुठीतून तुकडा काढून घेतलेला आहे.

सोनाबाईनं तुकड्याचे दोन भाग केले. एक तोंडात घातला. दुसरा पदराच्या टोकाला बांधला आणि गाठ घट्ट ओढली.

मी पाहिलं. पाळकसाहेबांनी पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

उपासनेच्या क्रमात गीताला अजून वेळ होता. मी मंडळीला उभं केलं आणि गीत सुरू केलं. त्या गीताला पुष्कळ कडवी आहेत, आम्ही एरवी पहिली तीन म्हणून थांबतो. त्या दिवशी मी कोणाला थांबू दिलं नाही. तिसऱ्या कडव्याला सोनाबाई मागच्या दारानं कबरस्तानाकडे गेली, आणि शेवटचं कडवं चालू असताना रिकाम्या पदरानं येऊन बापूंच्या शेजारी उभी राहिली.